कोकरांच्या पोटासाठी ओवा, हळद, शेवगा: काय द्यावे, किती द्यावे आणि कुठे थांबावे

कोल्हापूर भागात कोकरू पातळ हगायला लागले की पहिला हात जातो तो ओव्याच्या डब्याकडे, नाहीतर वाळवून ठेवलेल्या डाळिंबाच्या सालीकडे. दोन्हींत गुण आहेत. पण आतडे सुजून शरीरातले पाणी निघून चालले असताना चिमूटभर ओवा त्या कोकराला वाचवत नाही. वनस्पतीजन्य पूरकांचे खरे काम आजार येण्याच्या आधीचे आहे: रोज, थोडे, मोजून आणि भरड्यात मिसळून. हा लेख त्या वेळापत्रकाबद्दल आणि मापाबद्दल आहे. हातकणंगले-शिरोळकडचे बंदिस्त गोठे असोत, पट्टणकोडोलीच्या बिरदेवाला दरवर्षी भंडारा उधळणारे धनगर असोत, किंवा वाघर (जाळीचे कुंपण) घेऊन रानोरान तळ टाकणारे मेंढके असोत, कोकराचे पोट सगळीकडे सारखेच चालते.

या विषयाला जगभर गती आली ती प्रतिजैविकांमुळे. जनावराची वाढ व्हावी म्हणून खाद्यात रोज थोडे प्रतिजैविक घालायची पद्धत होती. त्यातून औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. म्हणून युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठीचा हा वापर बंद केला. भारतातही २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन हे प्रतिजैविक वापरायला बंदी आली. मग संशोधकांचे लक्ष ओवा, लसूण, हळद, आले आणि टॅनिनयुक्त, म्हणजे तुरट द्रव्य असलेल्या पाल्याकडे वळले. आपल्या घरात या वस्तू होत्याच, फक्त त्या खाद्यात मोजून घालायची सवय नव्हती.

वयाप्रमाणे पोट बदलते, तसे पूरकही

मेंढीला चार पोटे असतात: कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. नुकत्या जन्मलेल्या कोकरात फक्त चौथे, म्हणजे खरे पोट काम करते. कोकरू चोखायला लागले की अन्ननलिकेच्या टोकाशी एक पन्हळ मिटते आणि दूध कोठीपोटाला वळसा घालून थेट चौथ्या पोटात उतरते. कोठीपोट तेव्हा लहान आणि निष्क्रिय असते. कोरडा भरडा आणि चारा पोटात जायला लागला की तिथे उपयुक्त सूक्ष्मजीव वसतात. धान्यातल्या स्टार्चपासून ते ब्युटिरिक आम्ल तयार करतात आणि त्या आम्लामुळे कोठीपोटाच्या आतल्या बाजूला बोटांसारखे उंचवटे वाढतात. साधारण सहा ते आठ आठवड्यांत कोकरू खऱ्या अर्थाने रवंथ करणारे होते.

यातून दोन गोष्टी ठरतात. पहिल्या तीन-चार आठवड्यांत मसाल्याची कोणतीही पूड पाजू नये, कारण ती नाजूक चौथ्या पोटात जाऊन नुसती जळजळ करते. आणि पुढेही मात्रा कमीच ठेवावी, कारण ओव्यातला थायमॉल वाईट जंतू आणि कोठीपोटातले कामाचे जंतू यांत नेमकी निवड करत नाही. जास्त झाला तर चोथा पचवणारे जंतूही दबतात आणि कोकरू खाणे कमी करते.

आधी चीक, आधी कोरडी जमीन

पूरकांचा डबा उघडण्यापूर्वी हे दोन पाया पक्के हवेत. जन्मल्यापासून पहिल्या चार ते सहा तासांत कोकराला दर किलो वजनामागे ५० मिली आणि पहिल्या २४ तासांत किलोमागे एकूण २०० मिली चीक मिळायला हवा. म्हणजे तीन किलोच्या कोकराला पहिल्या खेपेला १५० मिली आणि दिवसभरात ६०० मिली, चार वेळा विभागून. रोगप्रतिकारक घटक आतड्यातून रक्तात शोषून घेण्याची ताकद तासातासाने घटत जाते आणि एका दिवसात जवळजवळ संपते. जुळी कोकरे असतील, मेंढी पहिलटकरीण असेल किंवा पान्हा कमी असेल, तर दुसऱ्या मेंढीचा चीक पिळून पाजा.

जमिनीबद्दल मी थोडा हट्टी आहे. आपल्याकडे पावसाळ्यात गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या बाजूला गोठ्याची जमीन महिनोन्‌महिने सुकत नाही. रक्ती हगवण लावणाऱ्या कॉक्सिडियाची बीजे लेंडीवाटे पडतात आणि ऊब व ओल मिळाली की थोड्याच दिवसांत दुसऱ्या कोकराला लागण करण्याइतकी तयार होतात. नेहमीच्या जंतुनाशकांना ती दाद देत नाहीत. त्यांना मारतो तो कोरडेपणा आणि ऊन. म्हणून कोकरांचा कप्पा उंचावर ठेवा, जमल्यास लाकडी पट्ट्यांचा माचा करा, खालचा भुस्सा ओला दिसला की त्याच दिवशी बदला आणि गव्हाण अशा उंचीवर बांधा की कोकरू तिच्यात पाय घालू शकणार नाही. ओल्या जमिनीवर कितीही उत्तम ओवा-हळद घातली तरी पैसे वाया जातात.

भरडा: पूरक ज्यात बसते ते भांडे

पंधराव्या दिवसापासून कोकरांना वेगळ्या कप्प्यात भरडा दाखवायला सुरुवात करा. कप्प्याचे तोंड एवढेच अरुंद ठेवा की कोकरे आत जातील आणि मेंढ्या बाहेर राहतील. १०० किलोसाठी एक साधे प्रमाण असे:

मका भरडा ४२ किलो, शेंगदाणा पेंड २८ किलो, गव्हाचा कोंडा २५ किलो, गूळ २ किलो, मेंढ्यांसाठीचे खनिज मिश्रण २ किलो, मीठ १ किलो.

यात प्रथिने सुमारे १९ टक्के पडतात. सुरुवातीला कोकरू मूठभरही खात नाही. महिन्याचे झाल्यावर रोज ५० ग्रॅम आणि दोन महिन्यांपर्यंत १०० ग्रॅमच्या आसपास जाते. संध्याकाळी उरलेला भरडा काढून मेंढ्यांना घाला. शिळ्या भरड्यावर कोकरू तोंड घालत नाही.

इथे तीन धोके आहेत. गाई-म्हशींचे खनिज मिश्रण मेंढ्यांना देऊ नका. मेंढीला तांबे फार लवकर बाधते, ते यकृतात साठत जाते आणि एक दिवस कावीळ होऊन जनावर जाते. जंतासाठी मोरचूद (तांब्याचा क्षार) पाजण्याची जुनी रीत याच कारणाने सोडून द्यायला हवी. दुसरे, सरकी पेंडीतले गॉसिपॉल हे विषारी द्रव्य लहान कोकराला सोसत नाही. कोठीपोट नीट चालू होईपर्यंत ती भरड्यात नको. तिसरे, शेंगदाणा पेंड पावसाळ्यात बुरशी धरते आणि त्या बुरशीचे विष यकृत व पोट दोन्ही बिघडवते. वास कुबट असेल, ढेकळे झाली असतील, तर ती पेंड कोणत्याच जनावराला नको.

डब्यातली पूरके एकेक करून

ओवा हा या सगळ्यांत माझा पहिला पसंतीचा. त्याच्या तेलात थायमॉल हा मुख्य घटक असतो आणि तो जंतूंच्या बाह्य आवरणालाच भोक पाडतो. शिवाय वात सरतो, लाळ सुटते, भूक लागते. जाडसर भरडून घाला. फार आधी कुटून ठेवला तर तेल उडून जाते, म्हणून आठवड्यापुरताच कुटा.

हळदीतला कर्क्युमिन रक्तात फार थोडा शोषला जातो. माणसाच्या औषधात ही अडचण समजली जाते, पण आपल्याला तो आतड्यातच हवा आहे. आतड्याच्या अस्तराची सूज कमी ठेवण्यासाठी तो तिथे राहिला तर बरेच. शेजारच्या सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे चांगले हळकुंड आपल्याला दूरवरून आणावे लागत नाही. अख्खे हळकुंड घेऊन दळून आणा. देवाला उधळण्यासाठी भंडारा म्हणून विकली जाणारी पिवळी पूड खाण्याच्या प्रतीची असेलच असे नाही. तिच्यात काय रंग मिसळला आहे हे कळत नाही, तेव्हा ती खाद्यात अजिबात नको.

लसणाचा गुण ठेचल्यावर जागा होतो. पाकळी फुटली की तिच्यातली दोन द्रव्ये एकत्र येतात आणि ॲलिसिन तयार होते. ते टिकत नाही. म्हणून लसूण ठेचून लगेच खाऊ घालायचा असतो. उकळलेल्या काढ्यात तो गुण राहत नाही, कारण उष्णतेने ॲलिसिन तयार करणारे विकरच निकामी होते. पण मोह आवरा: कांदा-लसूण फार झाला तर जनावराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. दोन महिन्यांवरच्या कोकराला आठवड्यातून दोन-तीन वेळा एखादी पाकळी पुरे. कांद्याचा भाव पडला म्हणून सडका कांदा कोकरांपुढे ओतू नका.

सुंठ, जिरे आणि बडीशेप पाचक रस वाढवतात आणि भरड्याला वास देतात. मेथी थोडीच घाला, तिचा कडवटपणा कोकरांना आवडत नाही. ती विणाऱ्या मेंढीला जास्त उपयोगी. लवंग तेल, नीलगिरी तेल, निलगिरीचा पाला यांच्या वाटेला जाऊ नका. तीव्र तेल तोंड आणि अन्ननलिका भाजते.

मिश्रण कसे करावे

१०० किलो भरड्यासाठी: ओवा ३०० ग्रॅम, हळद ३०० ग्रॅम, जिरे १०० ग्रॅम, बडीशेप १०० ग्रॅम, सुंठ १०० ग्रॅम, मेथी १०० ग्रॅम. एकूण १ किलो, म्हणजे १ टक्का. रोज १०० ग्रॅम भरडा खाणाऱ्या कोकराच्या पोटात यातले फक्त १ ग्रॅम जाते. हे बघून अनेकांना वाटते की एवढ्याने काय होणार, आणि मग मूठ सैल सुटते. तेवढेच पुरेसे आहे.

हा किलोभर मसाला सरळ क्विंटलच्या ढिगावर टाकून फावड्याने ढवळला तर एका कोकराला काहीच मिळत नाही आणि दुसऱ्याला दसपट. आधी तो ५ किलो कोंड्यात हाताने चोळून मिसळा. ते मिश्रण आणखी २० किलो भरड्यात मिसळा. मग ते सगळे उरलेल्या ढिगात घालून तीन वेळा खालीवर करा. गूळ किसून शेवटी घाला. कोल्हापूरचा गूळ सढळ हाताने घालायचा मोह होतो, पण २ किलोच्या वर जाऊ नका. जास्त गोडाने पोटात आम्ल वाढते.

वेळापत्रक असे धरा. पंधराव्या ते तिसाव्या दिवसापर्यंत मसाल्याविना साधा भरडा, म्हणजे कोकरू आधी खायला शिकते. तिसाव्या दिवसापासून दहा दिवस अर्धी मात्रा, क्विंटलमागे ५०० ग्रॅम. चाळिसाव्या दिवसापासून पूर्ण मात्रा. ती दूध तोडेपर्यंत, म्हणजे साधारण नव्वद दिवसांपर्यंत, आणि त्यानंतरचे दोन आठवडे चालू ठेवा. दूध तुटण्याचा काळ पोटाला सर्वांत जड जातो, नेमके तेव्हा पूरक बंद करू नये. नंतर हळूहळू कमी करून थांबवा.

पाला: टॅनिनचा फायदा आणि तोटा

बाभळीच्या शेंगा, उंबराचा पाला, बोरीचा पाला, डाळिंबाची साल यांत टॅनिन असते. एकूण कोरड्या आहारात ते २ ते ३ टक्के असले तर चाऱ्यातल्या प्रथिनांना धरून ठेवते. ती प्रथिने कोठीपोटात न फुटता पुढे जातात आणि कोकराच्या अंगी लागतात. लेंडीही बांधून येते. ५ टक्क्यांच्या वर गेले की तेच टॅनिन भूक मारते आणि चोथ्याचे पचन थांबवते. बाभळीच्या शेंगा भरडून घाला, नाहीतर कठीण बी तसेच लेंडीतून बाहेर पडते. तीन महिन्यांच्या कोकराला दिवसाला मूठभर पुरे.

शेवग्याचा पाला बांधावर लावावाच. वाळलेल्या पाल्यात प्रथिने सुमारे २५ टक्के असतात, शिवाय भरपूर चुना (कॅल्शियम). सावलीत वाळवा, उन्हात जीवनसत्त्वे जातात. दीड महिन्याच्या पुढच्या कोकराच्या भरड्यात शेंगदाणा पेंडीतला ५ किलोपर्यंतचा वाटा कमी करून तेवढी शेवग्याची भुकटी घालता येते.

सुबाभूळ चविष्ट आणि पौष्टिक आहे, पण त्यातले मिमोसिन लोकर गाळते आणि गळ्यातली ग्रंथी सुजवते. मोठ्या मेंढीच्या हिरव्या चाऱ्यात तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवा आणि लहान कोकराला देऊच नका.

कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की आपल्याकडे वाढ्यांची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची चंगळ होते. वाढ्यांत ऑक्झलेट असते, ते चुन्याला बांधून टाकते. दुभत्या मेंढीला नुसत्या वाढ्यांवर ठेवले तर तिचे दूध आणि पर्यायाने कोकरू दोन्ही खचते. वाढ्यांबरोबर कडबा, थोडा द्विदल चारा आणि खनिज मिश्रण हवेच.

डोंगरकडेला चारणाऱ्यांनी घाणेरी ओळखून ठेवावी. तिने यकृत बिघडते, कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलवटते. कण्हेर, धोतरा, एरंडाच्या बिया आणि ज्वारीचे कोवळे धुमारे यांपासूनही कळप लांब ठेवा.

जंत आणि लस: इथे वनस्पतीचे चालत नाही

कडुनिंब, लसूण, पपईच्या बिया यांनी जंत पडतात असे आपण ऐकत आलो आहोत. काचेच्या नळीत यांतले बरेच अर्क जंत मारतात. जिवंत मेंढीच्या पोटात मात्र परिणाम कधी दिसतो, कधी दिसत नाही. रक्त पिणारा गोल जंत पावसाळ्यात कोकराला काही आठवड्यांत पांढरेफटक करतो, तिथे हा जुगार परवडणारा नाही. खालची पापणी ओढून आतला रंग बघायची सवय लावा: लाल-गुलाबी असेल तर ठीक, फिकट किंवा पांढरा असेल, जबड्याखाली पाणी साठले असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कळपातल्या चार-पाच कोकरांच्या ताज्या लेंड्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या आणि मगच जंतनाशक ठरवा. सरसकट, अंदाजाने, वजन न करता दिलेल्या औषधाने जंतच औषधाला सरावतात.

आंत्रविषाराचे तर औषधही वेळेत पोचत नाही. कळपातले सर्वांत धष्टपुष्ट कोकरू संध्याकाळी उड्या मारते आणि सकाळी मरून पडलेले असते. अचानक भरपूर धान्य किंवा कोवळा लुसलुशीत चारा मिळाला की आतड्यातला जंतू विष सोडतो. मेंढ्यांना पावसाळ्यापूर्वी लस द्या, म्हणजे गाभण मेंढीच्या चिकातून कोकराला संरक्षण मिळते. कोकरांना तीन-चार महिन्यांच्या वयात पहिली लस आणि पुढचा डोस डॉक्टर सांगतील त्या अंतराने. फिरत्या कळपाला मका किंवा ज्वारी काढलेल्या रानात सोडण्याआधी कडबा खाऊ घाला, आणि पडलेली कणसे आधी वेचून घ्या.

हगवण लागलीच तर

मसाल्याचा भरडा लगेच बंद करा. कोकराला वेगळ्या कोरड्या जागी घ्या. ताप मोजा: १०२ ते १०४ अंश फॅरनहाइट हे निरोगी कोकराचे तापमान. अंग थंड पडले असेल तर आधी शेकून ऊब द्या, थंड कोकराच्या पोटात काही घालू नका. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. ती सावकाश बसली तर पाणी कमी झाले आहे. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ५० ते १०० मिलीच्या खेपांनी दिवसातून पाच-सहा वेळा पाजा. आईचे दूध तोडू नका. पाजताना डोके वर ओढू नका. नाकपुडी डोळ्याच्या वर गेली की पाणी फुफ्फुसात उतरते, आणि नळकांड्याने काढा ओतताना कोकरे दगावतात ती बहुधा यानेच.

दीड महिन्यावरच्या कोकराला साधी, रक्त नसलेली, तापाविना हगवण असेल तर डाळिंबाच्या सालीची पूड अर्धा चमचा गुळात कालवून जिभेवर चाटवायला हरकत नाही, दिवसातून दोनदा, दोनच दिवस. गाई-म्हशींसाठीच्या औषधी पाककृती तशाच कोकराला लावू नका. त्या चारशे किलोच्या जनावराच्या मापाच्या असतात. लेंडीत रक्त, ताप, मान टाकणे, दूध न ओढणे, किंवा एकाच वेळी तीन-चार कोकरे आजारी, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय थांबवून पशुवैद्यकीय सेवेच्या १९६२ या क्रमांकावर फोन करा. कॉक्सिडियाला वेगळे औषध लागते, आणि ते पहिल्या एक-दोन दिवसांत मिळाले तरच आतडे वाचते.

उपयोग होतो का, ते स्वतः तपासा

एकाच पंधरवड्यात जन्मलेली कोकरे घ्या. नर-मादी आणि वजन सारखे वाटून दोन गट करा. एका गटाला मसाल्याचा भरडा, दुसऱ्याला तोच भरडा मसाल्याविना. बाकी सगळे सारखे. दर आठवड्याला सकाळी, चारायला सोडण्यापूर्वी तानकाट्यावर वजन करून वहीत लिहा. लेंडीचीही नोंद ठेवा: सुट्या लेंड्या, मऊ गोळा किंवा पातळ. दीड-दोन महिन्यांनी दोन्ही गटांची सरासरी काढा. दख्खनी कोकराचे वजन रोज १०० ग्रॅमच्या आसपास वाढत असेल तर चांगले चालले आहे. दोन गटांत फरक दिसला तर त्याची किंमत मसाल्याच्या खर्चाशी ताडून पाहा. फरक दिसला नाही तर आधी जमीन, जंत आणि खनिज मिश्रण तपासा. तयार पाकिटातले पूरक घेत असाल तरी हीच परीक्षा लावा. पाकिटावर घटक, त्यांचे प्रमाण आणि किलोमागची मात्रा छापलेली नसेल तर ते विकत घेऊ नका.